जखमेच्या मापाचं पान

मी थापा मारतो हे तापीच्या दोन्ही काठांना ठाऊक आहे. असीरगडच्या तळ्यात मी भाकरीएवढी जळू पाहिलेली आहे, आणि आमचा ढवळ्या बैल एकदा बुऱ्हाणपूरच्या बाजारात दलालाशी चक्क हिंदीतून भांडलेला आहे. माझ्या आईची आधीची चार लेकरं गेली, म्हणून मी जन्मल्याबरोबर मला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव उखर्डू ठेवलं. सुरुवातच अशी, तर माझ्या तोंडून धुतलेले शब्द कोण मागणार? तेव्हा शेजारच्या निंबाच्या पायाची ही हकीकत पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या.

साल छप्पन. दिवाळीच्या तोंडावर राज्यांची नवी वाटणी झाली आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आम्ही मात्र होतो तिथेच, केळीच्या चिखलात. पारावर रोज भांडण. आपण घरात मराठी बोलतो, मग मुंबईकडे काहून नाही गेलो? निंबा त्या भांडणात नसायचा. आपण कुठल्या राज्यात जातो यापेक्षा आपला डावा पाय आपल्याजवळ राहतो का, एवढीच त्याला फिकीर होती.

दोन वर्षांपूर्वी केळीची पिलं, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, खणताना त्याच्या हातातलं पावडं घसरलं आणि घोट्याच्या चार बोटं वर लागलं. लागलं ते भरलंच नाही. आधी कवडीएवढं होतं, मग तळहाताएवढं झालं. केळीला पाणी देणारा माणूस पोटरीपर्यंत गार चिखलात उभा असतो. एक वाफा भरला की त्याचं दार बंद करायचं, दुसऱ्याचं उघडायचं, दिवस मावळेपर्यंत. त्यात ती जखम भिजायची, फुगायची, पांढरी पडायची. शेवटी निंबाला उभं राहवेना. मग पाणी त्याची बायको मालूबाई धरू लागली आणि मोट मी हाकू लागलो. मी शेजारी, नात्याने चुलता. म्हातारा झालो होतो, तरी मोटेच्या नाड्यावर, म्हणजे दोरावर, बसायला वजन लागतं, ते माझ्यात होतं.

निंबाची आई धुरपदाबाई रोज सकाळी चुलीवर कडुलिंबाचा पाला उकळायची. पाणी निवलं की तांब्याने बारीक धार धरायची. मग बाभळीचा काटा जाळात धरून घ्यायची आणि त्याने कडेचं मेलेलं मांस उचलून काढायची. म्हातारीचा हात हलका. काटा जिवंत मांसाला लागलाच तर निंबाच्या आधी तिच्याच तोंडून ‘अगं माय’ निघायचं. पण जखमेच्या मधोमध पिवळा चिकट थर बसला होता, तापवलेल्या दुधाच्या सायीसारखा. तो ना पाण्याने सुटायचा, ना काट्याला यायचा. वास असा की निंबाने आपणहून अंथरूण गोठ्यात नेलं. म्हणाला, “बैलाह्यले चालते माह्यी सोबत.”

मालूबाईने मापाची एक युक्ती काढली होती. दर शनिवारी जखम धुऊन झाली की केळीच्या कोवळ्या पानाचा तुकडा वर धरायचा आणि नखाने कडेकडेने खुडून बरोबर जखमेएवढं पान करायचं. मागच्या शनिवारचं पान कोनाड्यात असायचं. त्यावर नवं ठेवायचं. दर शनिवारी नवं पान मोठं निघायचं.

“आत्याबाई, अर्धं बोट वाढली.”

“पाला कमी पडला आसंल.”

“पाल्यापायी दारचं झाड बोडकं झालं, आत्याबाई.”

म्हातारीने काटा धुतला आणि पदराला पुसला.

मग आम्ही गाडी जुंपली. नदीपल्याड दोन कोसांवर दवाखाना होता. तिथे डॉक्टरची जागा रिकामी, सगळा कारभार दिगंबर कंपाउंडरचा. शहरातला माणूस, लढाईत बर्माच्या बाजूला फौजेच्या इस्पितळात पट्ट्या बांधून आलेला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने लाल दवेच्या पाण्याने जखम धुतली, चिमट्याने थर ताणला आणि कात्रीने कापला.

निंबाने माझा दंड धरला होता. त्याची पाच बोटं माझ्या दंडावर आठ दिवस दिसत होती. ही थाप नाही.

त्यावर कोरडी जाळीची पट्टी. दुसऱ्या खेपेला ती पट्टी वाळून मांसाला चिकटलेली असायची, आणि दिगंबर ती एका हिसक्यात ओढायचा. पिवळा थर निघायचा, पण त्याबरोबर खालचं नवं लालही निघायचं आणि रक्ताची धार लागायची. “साफ व्हायला हवं ना भाई,” तो म्हणायचा. तीन आठवडे आम्ही तसे गेलो. 

चौथ्या खेपेला मालूबाईने फडक्यात बांधलेली पानं त्याच्यापुढे सोडली. “साहेब, हे जखमेचं माप पाहा. म्हातारीच्या हातानं वाढली आन् तुमच्याही हातानं वाढली. मंग आमी कोणाकडं जावं?”

दिगंबरने पानं उचलली, उलटी केली, उजेडात धरली आणि तो हसू लागला. इतका, की चष्मा काढावा लागला.

“बाई, पान सुकतं. सुकलं की आखडतं. मागच्या आठवड्याचं सुकलेलं, आजचं ओलं. आजचं मोठंच दिसणार.”

मीही हसलो. मालूबाई हसली नाही. एकेक पान परत फडक्यात ठेवत तिने विचारलं, “म्हंजे आत्याबाईच्या पाण्यानं वाढत नव्हती?”

“वाढत नव्हती. बरीही होत नव्हती.” दिगंबर आता गंभीर झाला. “हे बघ, हा थर आहे तोवर खालून मांस भरत नाही. तुझ्या सासूचा हात हलका, पण थर तसाच राहतो. माझ्या कात्रीने थर निघतो, पण ती चांगलंही ओरबाडते. मेलेलं तेवढं उचलेल आणि जिवंताला सोडेल असं हत्यार माझ्याकडे नाही. आणि हे हाडाला लागलं, तर खांडव्याला नेऊन गुडघ्याखालून काढावा लागेल.”

निंबाने पाय पाहिला, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा.

“आणि दुसरं,” दिगंबर रिकामी पेटी उघडून दाखवत म्हणाला, “पट्ट्या संपल्या. लाल दवाही संपली. मागणीचा कागद नागपूरहून परत आला, भोपाळला पाठवा म्हणून. भोपाळला कोणाच्या नावे पाठवायचा ते अजून कोणालाच माहीत नाही. ही शेवटची बांधतो. माल येईपर्यंत उघडू नका.”

घरी आल्यावर मालूबाईने पानाचं सगळं सासूला सांगितलं. धुरपदाबाई जात्यापाशी बसली होती. तिने खुंटा सोडून दिला. मग म्हणाली, “मी त्या काट्याले किती शिव्या देल्या, माय.”

आठ दिवस झाले, माल आला नाही. दिवसा अजून ऊन कडक होतं आणि गोठ्यात माश्यांचा घोंघाट. दहाव्या दिवशी सकाळी आमची मोटेची पाळी होती. मी मालूबाईला हाक मारायला गेलो, तर ती निंबाच्या पायाशी बसून पट्टी सोडत होती. त्याला रात्रभर आत काहीतरी चालल्यासारखं वाटत होतं.

पट्टीची शेवटची घडी आपली आपण हलत होती.

ती उचलली आणि धुरपदाबाई मटकन खाली बसली. जखमभर अळ्या होत्या. पांढऱ्या, भाताच्या शितासारख्या, एकमेकींना खेटून डोकी खाली घातलेल्या.

“कोणाचं वाईट केलं रे मी?” म्हातारी म्हणाली.

ती अळ्यांना भ्यायली नव्हती. आमच्या जातीत जित्या माणसाच्या अंगात अळ्या पडल्या की तो आणि त्याचं घर पंगतीबाहेर. तापीवर मुंडण करायचं, सात डुबक्या मारायच्या, मग सगळ्या जातीला जेवण घालायचं. तोवर त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही आणि त्याला विहिरीची पायरी चढू देत नाहीत. धुरपदाबाई नवी नवरी होती तेव्हा तिच्या सासऱ्याला हे झालं होतं. आठ महिने तिने नदीवरून डोक्यावर पाणी आणलं. तिच्या मानेचा मणका अजून पुढे आलेला दिसतो. आणि निंबाची विहीर अर्धी चुडामणची. चार दिवस याची मोट, चार दिवस त्याची. चुडामण जातीचा पंच. त्याने विहीर बंद केली तर केळी उभ्या सुकल्या असत्या.

म्हातारी उठली आणि तंबाखूचं पाणी घेऊन आली. “सर बाजूले. मारून टाकते एकेकीले. कोणाले कळायच्या आत.”

मालूबाईने तिचं मनगट धरलं. आजवर तिने सासूला असा हात लावला नव्हता.

“आत्याबाई, थांबा. वास गेला.”

आम्ही तिघांनी नाकं पुढे केली. खरंच वास नव्हता. मालूबाईने काडीने दोन-चार अळ्या बाजूला केल्या. पिवळा थर अर्ध्याहून जास्त गेला होता आणि खाली डाळिंबाचे दाणे फुटल्यासारखं लाल मांस होतं. दोन वर्षांत आम्ही कोणी ते पाहिलं नव्हतं.

“हे साहेबाच्या कात्रीनं झालं नाही,” मालूबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही जा दवाखान्यात. मी गेली तर लोक विचारतीन. तुमचं काय, तुम्ही कोठीही जाता.”

मी गेलो. दिगंबरने ऐकून घेतलं, दार लोटलं आणि मला बाकावर बसवलं. म्हणाला, बर्मात झाडीत आठ-आठ दिवस पडून राहिलेले शिपाई यायचे, जखमेत अळ्या वळवळत असायच्या. आम्ही नाकं मुरडायचो, पण त्यांच्याच जखमा सगळ्यांत साफ निघायच्या. “मेलेलं खातात, जिवंताला तोंड लावत नाहीत. पण बाबा, सगळ्याच जातीच्या अळ्या अशा सज्जन नसतात. दोन दिवस ठेवा आणि घडीघडी बघा. रक्त आलं, किंवा आत शिरायला लागल्या, तर लगेच काढा. नाही तर दोन दिवसांनी धुवा. पाणी उकळून निवलेलं. तांब्याला मीठ इतकं.” त्याने तळहात वाकवून खळगी दाखवली. “आणि पाय उशीवर ठेवा, चिखलात नको.”

“साहेब, आमच्या जातीत हे...”

“ते मला सांगू नका. माझ्याकडे त्याच्यावर दवा नाही.”

दोन दिवस. घराचं पुढचं दार ओढलेलं, गोठ्याच्या तोंडाशी कडुलिंबाचा धूर. धुरपदाबाई अन्न शिजवायची पण खात नव्हती. निंबा पाय पोत्यावर टाकून छताकडे पाहत पडलेला.

“काका, आत निंदणी चालू आहे,” तो मला म्हणाला. “बाया तण निंदतात ना, तशी. मधीच थांबतात.”

“पान खायला थांबत असतील.”

“मंग तपकीरही ओढत असतीन. लई गुदगुल्या करतात.” तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंभाबाई विस्तव मागायला मागच्या दाराने आली. ती चुडामणची बायको. मालूबाई चुलीतून निखारा काढेपर्यंत रंभाबाईची नजर उंबऱ्याकडे गेली. एक अळी गोठ्यातून सरपटत तिथवर आली होती. रंभाबाईने पदर नाकाला लावला आणि विस्तव न घेताच गेली. मालूबाई चिमट्यात निखारा धरून तशीच उभी राहिली, तो काळा पडेपर्यंत.

दिवे लागायच्या आधी चुडामण अंगणात आला. आत आला नाही. घामट, जाड मानेचा माणूस, बोलतो हळू.

“काकी,” तो धुरपदाबाईला म्हणाला, “सकाळी पारावर या. निंबालेही आना. तवरोक मोट जुंपू नका.”

“चुडामण, केळी तहानेली आहे रे बाप्पा.”

“माह्या हातात काय आहे, काकी?” म्हणाला आणि गेला. हातात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पहाट फुटताच मालूबाईने मिठाचं पाणी निववून निंबाचा पाय धुतला. अळ्या सुपात घेतल्या, एक राहू दिली नाही. मी त्या उकिरड्यावर, माझ्या जन्मस्थानी, नेऊन पुरल्या. धुतलेल्या जुन्या धोतराची पट्टी बांधली आणि निंबाला गाडीत घातला.

पारावर वीस-पंचवीस माणसं होती. मधे देवराम, सगळ्यांत म्हातारा पंच, ऐकायला कमी पण समजायला नाही. चुडामण म्हणाला, “निंबाच्या पायात अळ्या पडल्या. रंभानं डोयानं पाह्यलं.”

देवरामने निंबाकडे पाहिलं. निंबा जमिनीकडे पाहत होता. त्याला खोटं बोलता येत नाही, त्याचं तोंड उघडलं असतं तर सगळं संपलं असतं. म्हणून मी उठलो.

“पडल्या,” मी म्हणालो.

धुरपदाबाईच्या हातातून पदर सुटला. मालूबाईने माझ्याकडे असं पाहिलं, की ते मला मरेपर्यंत आठवेल.

“पडल्या म्हणजे काय, शेकड्यांनी पडल्या. पांढऱ्याशुभ्र. डोकी खाली घालून दोन दिवस त्याच्या पायात निंदणी करत होत्या. सडलेलं तेवढं उपटायच्या, चांगल्याला हात लावायच्या नाहीत. कंपाउंडर म्हणाला, माझ्या कात्रीला एवढी अक्कल नाही. बर्माच्या लढाईत फौजेला यांनीच बरं केलं म्हणाला.”

एक शब्द वाढवला नव्हता. फक्त हात थापा मारताना हलवतो तसे हलवले.

आधी कडेचा कोणी एक फुटला, मग सगळा पार हसायला लागला. “निंदणीले रोजी काय देली बे, उखर्डू?” “आन् खुरपी कोणाच्या घरून नेली?” “फौजेतल्या व्हत्या, म्हंजे टोपी व्हती का त्याह्यले?”

“मी पाह्यली ना!” रंभाबाई मागून ओरडली. “उंबऱ्यात व्हती, या डोयानं!”

“शीत पाह्यलं आसंल भाताचं,” देवराम म्हणाला.

चुडामण हसला नव्हता. “पट्टी सोडा,” तो म्हणाला.

मालूबाईने पट्टी सोडली. हसणं थांबलं. लोक पुढे झाले. त्या पायाचा वास गावाला दोन वर्षं माहीत होता, आणि आता तिथे स्वच्छ लाल मांस होतं, कडेने गुलाबी नवी कातडी धरू लागलेलं. चुडामण वाकला, नाक जवळ नेलं, बोटाने पट्टीची आतली बाजू उलटून पाहिली.

“अळ्या पडलेला पाय सडतो,” देवराम म्हणाला. “हा तर भरू राह्यला. उठा. कामाचा दिस आहे.”

जाताना चुडामण माझ्या कानाशी म्हणाला, “एक दिवस तुह्या जिभेत अळ्या पडतीन, उखर्डू.”

“पडू दे. साफ तरी होईल.”

त्या दुपारी आम्ही मोट जुंपली. मालूबाई पाण्यात उभी राहिली, आणि वाफ्याची दारं उघडताना-लावताना तिच्या टाचांच्या भेगांतून रक्त येत होतं. ती भेगांना पाहत नव्हती. त्यांचं माप कोणी घेतलेलं नव्हतं. शनिवारी तिने निंबाच्या जखमेचं नवं पान खुडलं आणि कोनाड्यातल्या सुकून आखडलेल्या पानावर ठेवलं. ओलं असूनही ते लहान निघालं. तिने दोन्ही पानं चुलीत टाकली आणि पीठ मळायला बसली.

होळीपर्यंत जखम बुजली. पाय थोडा ओढतो, पण निंबा नाड्यावर बसतो. पाण्यात मालूबाईच त्याला उतरू देत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस सरता सरता चुडामणच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, भोक राहिलं, भोकाचा खड्डा झाला. रंभाबाईने पाला उकळला, दिगंबरने कात्री चालवली. चुडामण काठी टेकत विहिरीवर यायचा आणि बैलांच्या धावेच्या कडेला बसून आमची मोट पाहायचा. पायाचा वास त्याच्या आधी यायचा.

एक दिवस मी बैलांना दम खाऊ देत होतो. तो जवळ आला.

“उखर्डू, ते तू पारावर सांगितलं व्हतं...”

“कोणतं? भाकरीएवढ्या जळूचं?”

“नाही. ते.” त्याला तो शब्द तोंडावर आणवेना. “थापच व्हती ना ते?”

मी काय सांगणार? हो म्हणालो तर याचा पाय जातो. नाही म्हणालो तर निंबाचं घर जातं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाशी ना खरं आलं, ना खोटं.

मालूबाई वाफ्यात पाठमोरी उभी होती. तिने ऐकलं होतं. वाकून चिखलाचं एक दार लावलं, दुसरं उघडलं, पाणी वळलेलं पाहिलं. मग मागे न वळता बोलली.

“चुडामणदादा, पट्टी धुतलेली बांधा, पण ढिली. दहा दिस सोडू नका. गोठ्यात बसा, उजेडात.”

“मंग?”

“मंग सोडा. रक्त आलं तर तवाच मिठाच्या पान्यानं धुवा, नाही तर दोन दिस राहू द्या आन् मंग धुवा.”

“काय राहू देऊ?”

“जे दिसंल ते.” तिने पावडं उचललं. “आन् ते पारावर आनू नका.”

बाराव्या दिवशी चुडामणच्या गोठ्याच्या तोंडाशी कडुलिंबाचा धूर दिसला. त्याचं पुढचं दार ओढलेलं होतं. पारावर पंचांची बैठक होती, त्याने ताप आल्याचा निरोप पाठवला.

दोन दिवस गेले. सकाळी मी निंबाच्या ओट्यावर बसलो होतो. रंभाबाई मागच्या दाराने आली. हातात रिकामा तांब्या. डोळे जागरणाने सुजलेले.

“विस्तव देऊ का, वहिनी?” मालूबाईने विचारलं.

रंभाबाईने नाही म्हणून मान हलवली. उंबऱ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे. रिकामा तांब्या पुढे केला.

“मालू, पान्यात मीठ किती टाकू?”

मालूबाईच्या हाताला पीठ होतं. तिने हात धुतला, मडक्यातून मीठ घेतलं आणि तळहात वाकवून खळगी भरली. मग रंभाबाईचा हात उघडून ते सगळं त्यात ओतलं.

“तांब्याले एवढं. पानी आधी उकळून निवू द्या.”

रंभाबाईने मूठ मिटली आणि गेली. धुरपदाबाईने जातं ओढलं. माझ्या तोंडाशी शंभर गोष्टी आल्या होत्या. मालूबाईने नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी बैल जुंपायला उठलो.